दाखला साखळीवर, साखळी कोणाच्या भरवशावर?

बारावीचा निकाल लागला की कोरपना तालुक्यातली मुलं कागदपत्रांची फाईल घेऊन गाव सोडतात. फाईलमध्ये गुणपत्रिका, टीसी, उत्पन्नाचा दाखला आणि राजुऱ्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचं जात प्रमाणपत्र. पुण्यातल्या कॉलेजच्या खिडकीमागचा कारकून तो कागद हातात घेतो. त्यानं राजुरा पाहिलेलं नाही, ती सही त्याच्या ओळखीची नाही, आणि शिक्का तर बाजारात कोणालाही करून मिळतो. मग तो कागद खरा की खोटा हे त्यानं कशावरून ठरवायचं?

आता प्रमाणपत्रावर बारकोड असतो, तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, हे उत्तर बरोबर आहे. पण ते अर्धंच उत्तर आहे. बारकोड सांगतो ते सर्व्हरमधल्या नोंदीवरून. उद्या ती नोंदच कोणी आतून बदलली, तर बारकोड बदललेलीच गोष्ट छातीठोकपणे सांगेल. बाहेरच्या नकलाकारापासून नोंद सांभाळणं तुलनेनं सोपं आहे. ती ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापासूनच कशी सांभाळायची, हे खरं कोडं आहे.

या कोड्यावरचा एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला. कोरपन्याहून राजुऱ्याला येऊन वर्धा ओलांडली, पुढे गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडली, की आलापल्लीमार्गे एटापल्ली येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या या उपविभागात २०२२ च्या मार्चमध्ये साधारण ६५ हजार जात प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचं काम जाहीर झालं. ‘लेजिटडॉक’ नावाच्या कंपनीची प्रणाली वापरायची होती आणि नोंदी जाणार होत्या ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक ब्लॉकचेनवर. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या कौशल्य विकास मंडळानंही आपल्या प्रमाणपत्रांसाठी अशीच वाट धरली होती.

बातमी तेव्हा ‘आता दाखल्यात फेरफार अशक्य’ अशा थाटात फिरली. त्या वाक्यात किती तथ्य आहे ते पाहू. आणि बातमीत नसलेला एक प्रश्नही विचारू: ज्या साखळीवर दाखला ठेवला, ती चालवणारा प्रोग्रॅम कोण लिहितं आणि तो कोण तपासतं?

कागदाचा ठसा

पहिला गैरसमज असा की ब्लॉकचेनवर दाखलाच चढवतात. सहसा तसं करत नाहीत. नाव, गाव, जमात अशी माहिती जगात कुणालाही वाचता येईल अशा वहीत टाकणं हा आगाऊपणाच ठरेल. तिथे जातो तो फक्त दाखल्याचा ठसा. संगणकवाले त्याला ‘हॅश’ म्हणतात.

हॅश म्हणजे एक ठरलेलं गणित. त्याला एक शब्द द्या किंवा हजार पानांची फाईल द्या, उत्तर कायम सारख्याच लांबीचं येतं. ‘शा-२५६’ नावाच्या प्रसिद्ध पद्धतीत ते ६४ चिन्हांचं असतं, ० ते ९ आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं यांचं मिळून. इंग्रजी लिपीत ‘हॅलो’ सगळ्या लहान अक्षरांत लिहून या गणितात घातलं, तर ठशाची सुरुवात ‘२सीएफ२४डी’ अशी होते. त्यातलं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल करा, सुरुवात ‘१८५एफ८डी’ अशी होते आणि पुढची चिन्हंही सगळी विस्कटतात. थोडा बदल केला म्हणून ठसा थोडाच बदलेल, अशी सोयच यात नाही.

दुसरा गुण असा की ठशावरून मूळ मजकुराकडे उलटं जाता येत नाही. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या कागदांचे ठसे योगायोगानं जुळतील ही भीतीही व्यवहारात नाही. कॉलेजच्या कारकुनानं हातातल्या फाईलचा ठसा काढायचा आणि साखळीवर नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. जुळला तर दाखला दिल्यापासून त्यात काना-मात्राही बदललेली नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उलटं जाता येत नसलं तरी अंदाज बांधता येतो. दहा अंकी मोबाईल नंबरचा नुसता ठसा उघड केला, तर दहा अंकी संख्या होऊन होऊन हजार कोटीच. आजचं साधं ग्राफिक कार्ड त्या सगळ्यांचे ठसे काही सेकंदांत काढून नेमका नंबर शोधतं. म्हणून ठसा काढण्याआधी माहितीत एक लांबलचक यादृच्छिक संख्या मिसळतात. अशी संख्या मिसळली आहे का, हा ब्लॉकचेनवाल्या कोणत्याही सरकारी योजनेला विचारायचा पहिला प्रश्न असायला हवा. फार कमी लोक तो विचारतात.

फेरफाराच्या वहीतली एक भर

ठसा काढला, पण तो ठेवायचा कुठे? कार्यालयाच्या संगणकात ठेवला तर दाखला बदलणारा ठसाही बदलून टाकेल. इथे साखळी लागते.

गाव नमुना सहा, म्हणजे तलाठ्याकडची फेरफार नोंदवही, शेती असलेल्या माणसाला सांगायला नको. खरेदी, वारस, वाटणी, काहीही झालं की तिथे क्रमांकानं नोंद पडते आणि सातबाऱ्यावर तो क्रमांक येतो. आता त्या वहीला दोन नियम जोडा. एक, प्रत्येक नवी नोंद लिहिताना तिच्या डोक्यावर आधीच्या पूर्ण नोंदीचा ठसा लिहायचा. दोन, त्या वहीच्या शंभर प्रती शंभर चावड्यांत ठेवायच्या आणि नवी नोंद सगळीकडे एकाच वेळी चढवायची. आता कोणी दहा वर्षांपूर्वीची ४१२ नंबरची नोंद खोडली, तर तिचा ठसा बदलेल. तो ४१३ च्या डोक्यावर लिहिलेल्या ठशाशी जुळणार नाही. ४१३ दुरुस्त करावी तर ४१४ बिघडेल. अशी शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी वही नव्यानं लिहावी लागेल, तीही निम्म्याहून बऱ्याच अधिक चावड्या फितवून.

ब्लॉकचेनचं मर्म एवढंच. एकेका नोंदीऐवजी नोंदींचा गठ्ठा घेतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. पॉलिगॉनवर साधारण दोन सेकंदांना एक ब्लॉक तयार होतो. शंभरेक ‘व्हॅलिडेटर’ ही वही चालवतात. त्यांनी त्या साखळीचं चलन अनामत म्हणून अडकवून ठेवलेलं असतं. शिवाय ठरावीक काळानं पॉलिगॉन आपल्या अनेक ब्लॉकांचा मिळून एक ठसा ‘इथेरियम’ या अधिक मोठ्या साखळीवर नोंदवतं, म्हणजे तालुक्याच्या वहीचा ठसा जिल्ह्यालाही जातो.

कल्पना वाटते तेवढी नवी नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर तारखेचा न पुसता येणारा शिक्का कसा मारावा यावर निबंध लिहिला, त्यात ठशांची साखळी आहे. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीनं दर आठवड्याचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेल्या वर्तमानपत्राच्या लाखो प्रती परत गोळा करून बदलणं कोणाला जमणार? बिटकॉइनचा निबंध २००८ चा आणि त्याची साखळी २००९ ची. सतोशी नाकामोतो या टोपणनावाच्या लेखकानं त्या निबंधात हेबर-स्टॉर्नेटांचे संदर्भ दिले आहेत.

हजारो ठसे एकत्र कसे करतात ही युक्ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. ती राल्फ मर्कल यांची, १९७९ ची. एटापल्लीच्या ६५ हजारांचाच आकडा घेऊन बघा. दोन-दोन ठशांची जोडी लावा आणि जोडीचा एक नवा ठसा काढा. ६५ हजारांचे साडेबत्तीस हजार झाले. पुन्हा जोड्या लावा. असं करत सोळाव्या पायरीला एकच ठसा उरतो, कारण दोनचा सोळावा घात ६५,५३६ आहे. साखळीवर तेवढा एकच नोंदवला तरी पुरतो. एखाद्या मुलाचा दाखला त्या गठ्ठ्यात होता हे सिद्ध करायला बाकीच्या ६५ हजार दाखल्यांची गरज नाही. त्याच्या वाटेवरचे सोळा ठसे दिले की काम भागतं. एटापल्लीत नोंदी एकेक केल्या काय किंवा अशा गठ्ठ्यानं केल्या काय, गणिताचा आधार हाच.

वहीचे नियम कोण लिहितं?

शंभर चावड्या एकमताने चालायच्या तर सगळ्यांनी एकच नियमपुस्तक वापरायला हवं. ब्लॉकचेनमध्ये ते नियमपुस्तक म्हणजे प्रोग्रॅम. कोणती नोंद वैध, ब्लॉक कोणी बनवायचा, शुल्क किती, सगळं कोडच्या ओळींमध्ये असतं.

पॉलिगॉन २०१७ मध्ये भारतात ‘मॅटिक नेटवर्क’ या नावानं सुरू झालं. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन हे त्याचे सुरुवातीचे संस्थापक. नाव पॉलिगॉन झालं २०२१ मध्ये. त्यांनी नियमपुस्तक कोऱ्या कागदावरून लिहिलं नाही. इथेरियमचा ‘गेथ’ नावाचा प्रोग्रॅम मुक्त स्रोत होता, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता येतो. तो घेऊन, त्यात आपले बदल करून त्यांनी ‘बोर’ हा प्रोग्रॅम केला. (वर्धा जिल्ह्यातल्या व्याघ्रप्रकल्पाशी त्याचा काही संबंध नाही, नाव उत्तर युरोपच्या पुराणकथांतलं आहे.) गेथच्या परवान्याची एक अट अशी की तुम्ही बदल करून प्रोग्रॅम वाटलात, तर तुमचे बदलही उघडे ठेवायचे. म्हणून बोरचाही कोड उघडा आहे. गडचांदूरच्या एखाद्या मुलीनं इंटरनेट असलेल्या संगणकावर तो उघडला, तर पगारी प्रोग्रामरला जे दिसतं तेच तिला दिसतं.

मग तिनं त्यात चूक शोधली आणि दुरुस्ती सुचवली, तर पुढे काय होतं? अशा प्रकल्पांत योगदान म्हणतात ते हेच, आणि त्याची पद्धत फेरफारासारखीच आहे. फेरफारात तलाठी नोंद घेतो, पण ती तेवढ्यानं पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. इथेही लिहिणारा आणि प्रमाणित करणारा वेगळा.

आधी अडचण उघडपणे मांडायची, तिला ‘इश्यू’ म्हणतात. मग मूळ कोडची आपली प्रत काढून तिच्यात बदल करायचा. तो बदल मूळ प्रकल्पात घ्यावा अशी विनंती करायची. तिचं नाव ‘पुल रिक्वेस्ट’. विनंतीत काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या ओळी हिरव्या दिसतात, त्यामुळे लपवाछपवीला फारशी जागा राहत नाही. लगेच शेकडो चाचण्या आपोआप चालतात. त्या पास झाल्या की प्रकल्पाचे जाणकार ओळ न ओळ वाचून शेरे मारतात: हे नाव नीट नाही, ही चाचणी कुठे आहे, रिकामी यादी आली तर काय होईल? दुरुस्त्या होतात, पुन्हा शेरे येतात. कधी आठवडे जातात, कधी नम्र नकार येतो. पसंत पडलं तरच बदल मूळ कोडमध्ये जातो.

या सगळ्याचा हिशेब ‘गिट’ नावाच्या साधनात राहतो. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानं ते २००५ मध्ये लिहिलं, बिटकॉइनच्या चार वर्षं आधी. गंमत अशी की गिटमध्ये प्रत्येक बदलाच्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो. म्हणजे दाखल्याचा ठसा जिच्यावर आहे ती साखळी, आणि त्या साखळीचा प्रोग्रॅम जिच्यात लिहिला जातो ती वही, दोन्ही एकाच युक्तीवर उभ्या आहेत. तीन वर्षांपूर्वीची कोडची ओळ कोणी, कधी, काय कारण देऊन बदलली ते आजही दिसतं. कागदी सरकारी फाईलमधल्या टिपणीबद्दल एवढं म्हणता येत नाही.

पहिलं योगदान म्हणजे काहीतरी मोठा शोधच असावा लागतो असं नाही. बहुतेकांची सुरुवात माहितीपत्रकातली चूक सुधारण्यापासून, सुटलेली चाचणी लिहिण्यापासून किंवा न समजणारा त्रुटी-संदेश सोपा करण्यापासून होते. इथेरियमच्या संकेतस्थळाच्या मराठी पानांमागेही असंच स्वयंसेवकांचं भाषांतर आहे. तेही योगदानच.

चौकट: साखळी काय सांगते

दाखल्याचा ठसा साखळीवर जुळला, तर एवढंच कळतं की हाच मजकूर अमुक दिवशी अमुक डिजिटल सहीच्या किल्लीनं नोंदवला गेला आणि तेव्हापासून बदललेला नाही. ती किल्ली खरोखर त्या कार्यालयाची आहे का, हे बाहेरून माहीत असावं लागतं. आणि दाखल्यावर लिहिलेली गोष्ट खरी आहे का, हे साखळीला कधीच कळत नाही.

दोन आकड्यांची दुरुस्ती

लहान बदलाची मोठी वाट कशी असते, याचं एक खरं उदाहरण. पॉलिगॉनच्या नियमबदलांना बरेचदा शहरांची नावं देतात: जयपूर, इंदूर, आग्रा, अहमदाबाद, इतकंच काय आपल्या शेजारचं भिलाईसुद्धा. त्यातला ‘दिल्ली’ बदल जानेवारी २०२३ मध्ये लागू झाला. त्याचा गाभा दोन आकडे होता.

पहिला आकडा ६४ चा १६ झाला. पॉलिगॉनवर तेव्हा एक व्हॅलिडेटर सलग काही ब्लॉक बनवायचा, मग पाळी दुसऱ्याची. ही पाळी ६४ ब्लॉकांची होती, म्हणजे सुमारे दोन मिनिटं. नेटवर्क अडखळलं की कधी दोन व्हॅलिडेटर एकाच वेळी आपापले ब्लॉक बनवत सुटत. पुढे बाकीचे त्यातली एक शाखा धरत, दुसरी सोडून देत. सोडलेल्या शाखेतल्या नोंदी दिसल्या होत्या आणि आता नाहीत, असं व्हायचं. पाळी १६ ब्लॉकांची, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिनिटाची केली, तर असा उलटफेर झाला तरी तो आखूड राहतो. दाखला तपासणाऱ्यालाही यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: नोंद दिसली त्याच क्षणी ती पक्की झाली असं समजू नये, तिच्यावर आणखी ब्लॉक चढू द्यावेत.

दुसरा आकडा ८ चा १६ झाला. गर्दी वाढली की नोंदणीचं शुल्क किती वेगानं चढावं हे तो ठरवतो. तो भाजक आहे, त्यामुळे दुप्पट केल्यावर चढ-उताराचा वेग निम्मा झाला.

कोडमध्ये हे आकडे बदलायला मिनिटभर लागलं असतं. पण आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग चाचणी-साखळीवर प्रयोग, मग नवी आवृत्ती. आणि ती आवृत्ती सगळ्या व्हॅलिडेटरांनी आपापल्या यंत्रांवर बसवल्याशिवाय काही होत नाही. म्हणून कोडमध्येच लिहून ठेवलं होतं की ३,८१,८९,०५६ व्या ब्लॉकपासून नवा नियम. या क्रमांकानंतर जुनी आवृत्ती चालवणारा आपोआप बाजूला पडतो. अशा नियमबदलाला ‘हार्ड फोर्क’ म्हणतात. इथे प्रोग्रामरचं काम सुचवण्यापुरतं. स्वीकारणं शंभर जणांच्या हातात. सत्ता अशी विभागलेली असते म्हणून हे सगळं संथ चालतं, आणि ते संथ असावं असंच माझं मत आहे.

पण ते नेहमीच संथ चालत नाही.

डिसेंबर २०२१

एटापल्लीची घोषणा व्हायच्या चारेक महिने आधी पॉलिगॉनवर मोठं संकट येऊन गेलं. साखळीचं तेव्हाचं मॅटिक हे चलन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती: मालकानं सही करून ठेवायची आणि व्यवहार दुसऱ्या कोणीतरी पुढे सरकवायचा. हे करणाऱ्या कोडमध्ये सही निकामी असेल तर व्यवहार थांबवण्याची तपासणी नव्हती. पाठवणाऱ्याकडे तेवढी शिल्लक आहे का, हेही पाहिलं जात नव्हतं. परिणामी नकली सही देऊन त्या प्रोग्रॅममधली जवळपास सगळी रक्कम, एकूण हजार कोटी मॅटिकपैकी सुमारे ९२७ कोटी, काढता आली असती.

कोड उघडाच होता. ती उणीव सगळ्या जगासमोर होती आणि कोणाला दिसली नव्हती. ३ डिसेंबरला ‘लिऑन स्पेसवॉकर’ या टोपणनावाच्या अभ्यासकानं ती शोधून गुपचूप कळवली. दोन दिवसांत, ५ डिसेंबरला, दुरुस्ती लागूही झाली. मधल्या काळात एका चोरानं तोच दरवाजा शोधून ८,०१,६०१ मॅटिक नेले. शोधणाऱ्यांना मिळून सुमारे ३५ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि महिनाअखेरीला सगळी हकिगत पॉलिगॉननं जाहीर केली.

यातून दोन गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींना टोचतात. कोड उघडा होता म्हणूनच त्रयस्थ माणसाला चूक सापडली. पण दुरुस्ती मात्र उघड चर्चा टाळून, कारण न सांगता सगळीकडे बसवावी लागली, कारण ते सांगितलं असतं तर चोरांना पत्ताच मिळाला असता. म्हणजे शंभर व्हॅलिडेटर दोन दिवसांत काही न विचारता एकत्र हलू शकतात, हेही त्या दिवशी कळलं. ‘कोणाच्याच हातात नाही’ हे ब्लॉकचेनचं वर्णन ऐकताना ते लक्षात ठेवलेलं बरं. दाखल्यांच्या ठशांना या चुकीनं धोका नव्हता. ती चलनाच्या हिशेबातली होती.

भरवसा कमावून केलेला घात

चूक अनवधानानं राहते, तशी मुद्दामही पेरली जाऊ शकते. मुक्त स्रोताच्या जगाला याचा मोठा धक्का बसला तो २०२४ च्या मार्चमध्ये, ब्लॉकचेनच्या बाहेर. ‘एक्सझेड’ नावाचं फाईल दाबून लहान करणारं साधन जगभरच्या असंख्य लिनक्स यंत्रांत असतं. त्याचा मूळ सांभाळकर्ता थकला होता. ‘जिया तान’ नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं नीट, उपयोगी योगदानं देऊन त्याचा विश्वास मिळवला, कोड स्वीकारण्याचे अधिकार मिळवले आणि मग चोरदरवाजा बसवला. तो सापडला योगायोगानं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो कारण शोधत बसला.

तलाठी आणि मंडळ अधिकारी एकच माणूस झाला की जे होतं, ते इथे झालं. म्हणून महत्त्वाच्या प्रकल्पांत स्वतःचा बदल स्वतःच स्वीकारायची मुभा ठेवत नाहीत, निदान ठेवू नये. एखाद्या साखळीवर सरकारी नोंद ठेवायची असेल, तर तिच्या वेगाचे आणि स्वस्ताईचे आकडे पाहण्याआधी हे पाहावं की गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी तिचा कोड वाचून शेरे दिले. हा आकडा लपलेला नसतो. वाचायची तसदी तेवढी घ्यावी लागते.

साखळीच्या हाताबाहेरचं

पॉलिगॉनची एक चाचणी-साखळी होती, तिचं नाव ‘मुंबई’. प्रोग्रामर आपले प्रयोग तिच्यावर करत. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती बंद झाली, तिची जागा ‘अमॉय’ नावाच्या दुसरीनं घेतली. चाचणीची होती, गेली. कोणाचं नुकसान नाही. पण साखळी ‘कायमची’ असते हे तिला चालवणारी माणसं असेपर्यंतच खरं. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडतं, ते पानही कोणत्यातरी कंपनीचं असतं. कंपनी गेली तरी ठसा साखळीवर राहील. पण तो कसा काढायचा याची कृती सरकारनं प्रसिद्ध करून ठेवली नसेल, तर कारकुनाच्या तो काही कामाचा नाही.

रद्द होण्याचाही प्रश्न आहे. जात पडताळणी समितीनं दाखला अवैध ठरवला, तर साखळीवरची नोंद खोडता येत नाही. फेरफारात जसं जुनी नोंद पुसत नाहीत, तिला रद्द करणारी नवी नोंद घेतात, तसंच इथे करावं लागतं. तपासणाऱ्यानं फक्त जुनी नोंद पाहून ‘जुळलं’ म्हटलं, तर रद्द झालेला दाखलाही बिनबोभाट चालून जाईल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगदीश बहिरा प्रकरणात सांगितलं की दाखला अवैध ठरला तर त्याच्या आधारे मिळालेली नोकरी आणि प्रवेश यांना संरक्षण नाही. त्यानंतर राज्यभर, विशेषतः विदर्भात, हजारो घरांत काय घालमेल झाली ते ‘अधिसंख्य पद’ (दाखला अवैध ठरलेल्यांना सरकारनं वर्ग केलेलं जादा पद) हा शब्द ऐकलेल्या कोणालाही माहीत आहे. त्या प्रकरणांत वाद फार करून दाखल्याच्या कागदाचा नव्हताच. कागद कार्यालयानंच दिलेला, सही खरी, शिक्का खरा. वाद होता तो त्याच्या आधाराचा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा.

ती नोंद बहुतेक वेळा गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असते. पानं पिवळी पडलेली, शाई उडालेली, कधी एखादं अक्षर दुसऱ्या शाईनं गिरवलेलं. अशा रजिस्टरचं पान आज स्कॅन करून त्याचा ठसा साखळीवर चढवला, तर आजपासून पुढे त्यात झालेली खाडाखोड उघडी पडेल. काल झालेली खाडाखोड मात्र खरी म्हणूनच कायमची नोंदली जाईल. म्हणून एटापल्लीसारखं काम उद्या राजुऱ्यात किंवा जिवतीत काढलं, तर आधी ठसा कशाचा घ्यायचा, दाखल्याचा की त्या रजिस्टरचा, आणि रजिस्टरचा घ्यायचा तर त्याआधी त्याची पानं कोणी, कोणासमोर तपासायची, हे महसूल आणि शिक्षण या दोन खात्यांना एकत्र बसून ठरवावं लागेल. बोरच्या कोडमध्ये त्यासाठी एकही ओळ नाही.